वाळवंटाकडे जाताना

रोहे शहराला लागून असलेले वरसे हे आमचे गाव. पावसाळ्यात येथे पाणी मागावे लागत नाही. ते पागोळ्यांतून धो धो वाहते, शेतांच्या बांधांवरून उड्या घेते आणि अंगणात तळे करून राहते. वर्षाकाठी या परिसरात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यातही कुंडलिका नदी वाहती असते. कारण मुळशीच्या धरणाचे पाणी भिरा येथील वीजगृहातून तिच्या पात्रात उतरते. अशा गावातील मुलांनी वाळवंट पाहण्याचा बेत करावा, यात नवल ते काय? जे आपल्यापाशी नाही, ते पाहण्यासाठीच तर माणूस घराबाहेर पडतो.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी शेजारची तीन भावंडे वही घेऊन माझ्या ओटीवर आली. नाताळच्या सुट्टीत ती आईवडिलांबरोबर राजस्थानातील जैसलमेरला जाणार होती. सहलीच्या आखणीचे काम वडिलांनी मुलांवरच सोपवले होते.

"गुरुजी, आमची आखणी तेवढी तपासून द्या," थोरली म्हणाली.

वही उघडून पाहतो तो काय! किल्ला, हवेल्या, तलाव, ओसाड गाव, वाळूच्या टेकड्या, उंटाची सफर आणि सरहद्दीजवळचे तनोट, एवढे सारे त्यांनी दोन दिवसांत कोंबले होते.

मी म्हणालो, "बाळांनो, ही झाली यादी. आखणी करायची तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. केव्हा जायचे? कोठे राहायचे? आणि बरोबर काय घ्यायचे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवामानच देते. जैसलमेरच्या परिसरात वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो. आपल्याकडे आषाढातील एखाद्या मुसळधार दिवशी जेवढे पाणी कोसळते, जवळजवळ तेवढ्यावरच तेथील भूमीला वर्ष काढावे लागते. मे महिन्यात तेथील पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो. हिवाळ्यात दिवस सुखद असतात, परंतु सूर्य मावळताच थंडी अंगाला झोंबू लागते. कोकणात समुद्र जवळ असतो, हवेत बाष्प असते. त्यामुळे रात्री उष्णता एकाएकी निघून जात नाही. वाळवंटातील कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली तापलेली वाळू भराभर निवते. म्हणून डोक्याला टोपी आणि अंगात लोकरीचे कपडे, दोन्हीही बरोबर हवीत.

"आणि राहायचे ते किल्ल्यातच!" मधला उत्साहाने म्हणाला.

त्याचा हट्ट समजण्यासारखा होता. इ. स. 1156 मध्ये रावळ जैसल याने त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. पिवळ्या वालुकाश्माचे त्याचे तट सकाळ-संध्याकाळच्या उन्हात सोन्यासारखे झळकतात. आपले बहुतेक किल्ले आज निर्जन आहेत. जैसलमेरच्या किल्ल्यात मात्र अजूनही हजारो माणसे संसार करतात. इ. स. 2013 मध्ये राजस्थानातील सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत हाही एक आहे.

"परंतु," मी म्हणालो, "या किल्ल्याला आज भय आहे ते पाण्याचे."

"वाळवंटात पाण्याचे भय?" तिघेही हसली.

मी त्यांना समजावून सांगितले. शेकडो वर्षे या किल्ल्यातील घरांत पाणी घागरींनी येई, आणि घागरीने आणलेले पाणी कोणी सांडत नाही. शहराच्या कडेचा गडीसर तलाव हा त्या काळी नगराचा मोठा आधार होता. पुढे घरोघर नळ आले, प्रवाशांसाठी किल्ल्यात निवासगृहे निघाली आणि पाण्याचा वापर कितीतरी पटींनी वाढला. सांडपाणी खालच्या मऊ खडकात मुरू लागले. पाया भिजून खचू लागला. तटबुरुजांच्या काही भागांची पडझडही झाली. जो किल्ला इतक्या शतकांच्या उन्हापुढे व लढायांपुढे उभा राहिला, तो न्हाणीघरातील पाण्याने पोखरला जावा, ही केवढी खेदाची गोष्ट!

मधला क्षणभर गप्प राहिला. मग त्याने वहीतील 'किल्ल्यात मुक्काम' या शब्दांवर काट मारली आणि खाली लिहिले, 'किल्ला दिवसभर पाहायचा, राहायचे खाली शहरात.'

आता तिसरा प्रश्न उरला. त्याच्या उत्तरासाठी मी मुलांना माझीच एक चूक सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही तिघे शिक्षक जैसलमेरहून भाड्याच्या गाडीने वाळूच्या टेकड्या पाहावयास निघालो होतो. बरोबर पाणी थोडेच घेतले होते. वाटेत एका खेजडीच्या सावलीत आम्ही जेवलो. खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. जेवण झाल्यावर घरच्या सवयीने आम्ही हात, तोंड आणि पायसुद्धा धुतले. पुढे अर्ध्या तासाने गाडीचे चाक वाळूत रुतले. दोन तास आम्ही वाळू उपसत होतो. घसे सुकले, आणि भांडी तर रिकामी!

इतक्यात एक मेंढपाळ आला. त्याने आम्हांला आपल्या ढाणीवर नेले. ढाणी म्हणजे आपल्याकडील वाडीसारखी चार घरांची वस्ती. तेथे जमिनीत बांधलेले एक गोल टाके होते. त्याला 'टांका' म्हणतात. टांक्याभोवतीची उतरती जागा स्वच्छ राखलेली असते, तिला 'आगोर' म्हणतात. पावसाचा प्रत्येक थेंब या आगोरावरून टांक्यात उतरावा, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती झाडून ठेवतात. एका वृद्ध मातेने झाकण काढून पाणी शेंदले आणि आम्हांला एकेक लोटा भरून दिला. आम्ही अधाशासारखे प्यालो. तळाशी उरलेले पाणी मी, जसे येथे ओटीवरून फेकावे तसे, वाळूवर भिरकावून दिले.

ती माता काही बोलली नाही. जवळ उभी असलेली तिची लहान नात मात्र त्या ओल्या डागाकडे पाहत राहिली. बघता बघता तो डाग सुकला. मग ती मुलगी एक परात घेऊन आली आणि माझ्या सोबत्यांच्या लोट्यांतील उरलेले पाणी तिने तीत ओतून घेतले. ते तिने आपल्या शेळीपुढे ठेवले. मी मुलांना शिकवणारा शिक्षक. त्या दिवशी एका मुलीने न बोलता मला शिकवले.

ओटीवर शांतता पसरली. धाकटीने हळूच विचारले, "गुरुजी, मग तुम्ही काय केलेत?"

"काय करणार, बाळ? सांडलेले पाणी भरून येत नाही. मी त्या मातेची क्षमा मागितली. तेव्हापासून माझ्या लोट्यात पाणी उरत नाही."

यानंतर मुलांनी आखणी नव्याने केली. तनोट सुमारे एकशे वीस किलोमीटर दूर, म्हणून ते त्यांनी आपणहून गाळले. सहलीत काय पाहायचे हे ठरवण्याइतकेच काय सोडायचे हे ठरवणेही महत्त्वाचे असते. पहिला दिवस किल्ला, हवेल्या आणि संध्याकाळी गडीसर यांसाठी राखला. दुसऱ्या दिवशी प्रथम ओसाड पडलेले कुलधरा गाव. त्याविषयी भुताखेतांच्या पुष्कळ कथा सांगतात; परंतु पाण्याची टंचाई आणि करांचे ओझे यांमुळे लोक गाव सोडून गेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. तेथील पालीवाल लोक 'खडीन' बांधण्यात कुशल होते. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलाव्यावर हिवाळ्यात गहू व हरभरा पिकवायचा, अशी ही युक्ती. तेथून पुढे, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर असलेल्या समच्या टेकड्यांवर सूर्यास्त पाहून परतायचे. त्याच बाजूला मरू राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्या सोलापूरजवळ नान्नज येथे ज्याच्यासाठी अभयारण्य राखले आहे, तो दुर्मीळ माळढोक तेथे राहतो. म्हणून गाडी ठरलेल्या रस्त्यावरूनच न्यायची, असेही थोरलीने लिहिले.

शेवटी तिने वहीत एक नवे पान काढून त्यावर 'पाणी' असा मथळा दिला. समच्या दिवशी माणशी तीन लिटर. पिण्यावाचून वापर नाही. भांड्यात हवे तेवढेच घ्यायचे.

मुलांनो, पाहुणा म्हणून कोणाच्या घरी गेल्यावर आपण त्या घरची रीत पाळतो. परका प्रदेश हेही कोणाचे तरी घरच असते. तेथे काय विपुल आहे आणि काय दुर्मीळ आहे, हे जाणून जो निघतो, त्याचीच आखणी पुरी झाली असे समजावे.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उन्हाळ्यातही कुंडलिका नदी वाहती का असते?
(आ) 'आगोर' म्हणजे काय?
(इ) मुलांनी तनोटला जाण्याचा बेत का सोडला?

2. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाळवंटात दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी का असते?
(आ) जैसलमेरच्या किल्ल्याला पाण्याचे भय कसे निर्माण झाले?

3. 'एका मुलीने न बोलता मला शिकवले,' असे लेखक का म्हणतात? तुमच्या शब्दांत सांगा.

4. वाक्यांत उपयोग करा : काट मारणे, ओस पडणे, घसा सुकणे.

5. तुमच्या घरी एका दिवसात किती पाणी लागते आणि किती वाया जाते, याची नोंद करून वर्गात वाचून दाखवा.