खाजगी शाळेतील शिक्षक व त्यांचे वेतन

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून द्यावे व वेळोवेळी सुटी द्यावी. हाच विचार कायद्यात आणण्यासाठी मजूरमंत्री या नात्याने परमपूज्य बाबासाहेबांनी ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. पुढे १९४८ साली तो कायदा झाला.

आपली अनेक मुले-मुली बी.एड. करून खाजगी शाळांत लागतात. पगार कमी मिळाला की ती कामगार आयुक्तांकडे धाव घेतात. येथेच चूक होते. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ठरविले की, औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक हा 'कामगार' नव्हे. १९९६ साली हरियाणातील खटल्यात १९४८ चा किमान वेतन कायदाही शिक्षकांना लागू नाही, असा निर्णय झाला. कारखान्यातल्यासारखा दुप्पट दराचा ओव्हरटाइमही शिक्षकाला नाही.

मग शिक्षक वाऱ्यावर आहे काय? मुळीच नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे. मान्यताप्राप्त शाळा विनाअनुदानित असली तरी हा कायदा तिला लागतो. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) नेमणुकीचा आदेश लेखी घ्यावा.

२) वेतन नियमांपेक्षा कमी असल्यास शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. कलम ४ नुसार शिक्षण संचालक संस्थेला वेतन नियमांप्रमाणे करण्याचा आदेश देतात.

३) नोकरीवरून काढल्यास किंवा पदावनत केल्यास कलम ९ नुसार ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे.

४) २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण वगळता अशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपता येत नाही.

५) मी बँकेत कारकून आहे. पगार खात्यात जमा होतो आणि त्यातला मोठा भाग काढून संस्थेला रोख परत द्यावा लागतो, असे काही शिक्षक सांगतात. पासबुकात मात्र पूर्ण पगाराची नोंद राहते व उद्या तीच शिक्षकाच्या विरोधात जाते. परत दिलेल्या रकमेची तारीखवार नोंद ठेवावी.

एकट्याने नकार दिला तर नोकरी जाण्याची भीती असते. सर्व शिक्षकांनी मिळून सह्यांचा अर्ज दिला तर संस्थेला विचार करावा लागतो. संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश सुशिक्षितांसाठीही आहे.

जयभीम!