क्रुसाची वाट चालायची असते

उपवासकाळातल्या शुक्रवारी आपण क्रुसाची वाट करतो. जेरुसलेमची यात्रा सर्वांना शक्य नव्हती; फ्रान्सिस्कन संन्याशांनी ती वाट गावोगावच्या चर्चमध्ये आणली. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी चौदा स्थाने निश्चित केली.

आपले लक्ष भिंतीवरच्या चित्रांकडे जाते. पण ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे आवश्यक असतात ते चौदा क्रूस, चित्रे मदतीला. ठरावीक प्रार्थनांचेही बंधन नाही. येशूच्या दुःखसहनाचे मनन करीत एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालायचे. गर्दी असेल, तर प्रार्थना चालवणारा फिरला तरी पुरते. म्हणून जागा असतानाही आपण बाकावरच बसावे काय?

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाटा चढणाऱ्यांना चालणे कोणी शिकवायला नको! येशूचे तीनदा पडणे शुभवर्तमानात नाही, वेरोनिकाही नाही. १९९१ च्या पवित्र शुक्रवारी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये केवळ शुभवर्तमानातील प्रसंगांची स्थाने घेतली. तरी जुनी स्थाने आम्हाला सोडवत नाहीत. डोक्यावर मोळी घेऊन चढणीला ज्याचा पाय घसरला आहे, तो सातव्या स्थानापाशी थांबतोच.

ज्यांना चालवत नाही, त्यांनी घरी थोडा वेळ दुःखसहनाचे वाचन व मनन केले, तरी तेच आध्यात्मिक फळ मिळते. येत्या शुक्रवारी निघण्यापूर्वी शेजारच्या आजारी माणसाला एक अध्याय वाचून दाखवू या.