दारातला शेवगा

चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, काम करताना चक्कर येते, पापणीच्या आतली बाजू पांढरट दिसते. आपण म्हणतो, "अशक्तपणा आहे, होईल बरं." बहुतेक वेळा ही रक्तक्षयाची लक्षणे असतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक!

यावर दारातला शेवगा थोडा हातभार लावू शकतो. शेंगा आपण आमटीत घालतो, पण पाला फेकून देतो. त्याच पाल्यात लोह, कॅल्शियम, प्रथिने आणि अ जीवनसत्त्व तयार करणारे घटक असतात.

"शेवगा दारात अशुभ" असे काही घरांत सांगतात. त्यात शुभ-अशुभ काही नाही. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, वादळात फांदी मोडून पत्र्यावर पडते. म्हणून झाड उंच वाढू द्यायचे नाही, एवढेच.

लावायचे कसे?
अंगण नसेल तर तेलाचा रिकामा मोठा डबा चालेल. रंगाचा किंवा रसायनाचा डबा नको. तळाला भोके पाडा, कारण पाणी साचले की मुळे कुजतात. माती आणि कुजलेले शेणखत भरा. जूनच्या सुरुवातीला एक इंच खोल बी टोचा. रोप तीन फुटांचे झाले की शेंडा खुडा; फांद्या फुटतील आणि पाला हाताशी येईल. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी घाला, साबणाचे नको. गटाराच्या कडेला झाड लावू नका. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या दिसल्या तर हात लावू नका, अंगाला खाज सुटते.

खायचे कसे?
कोवळा पाला धुऊन डाळीत, पिठल्यात किंवा भाकरीच्या पिठात घाला. डाळ चुलीवरून उतरवल्यावर वरून लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नका. तो लोह शोषू देत नाही. जास्तीचा पाला सावलीत वाळवून भुकटी करून ठेवा. शेवग्याचे मूळ आणि साल मात्र कोणीच खाऊ नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही.

शेवटी महत्त्वाचे: पाला हा आहार आहे, औषध नव्हे. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. आणि घरातल्या सगळ्यांना वाढून उरले तर खाऊ, असे करू नका. डाळीची पहिली वाटी मुलीच्या आणि स्वतःच्या ताटातही पडू द्या.