वारुळावरची अळंबी आणि आपण



पावसाळ्यात गोव्याहून किंवा कोकणातून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीतून अळंबी निघाली की आपल्या घरी आनंद होतो. पण ही रानची अळंबी जपली नाही तर नाहीशी होईल, असा इशारा गोव्यातील बुरशीतज्ज्ञ डॉ. नंदकुमार कामत अनेक वर्षे देत आले आहेत. असे का व्हावे, हे आज आपण समजून घेऊ.

ही अळंबी वारुळात वाढते. वाळवी पालापाचोळा व लाकूड खाऊन वारुळाच्या पोटात पोळ्यासारखा मळा तयार करते. त्यावर बुरशी वाढते. लाकडातला कठीण भाग बुरशी मऊ करते, मग वाळवी तो खाते. एकीवाचून दुसरी जगत नाही. पावसात ह्याच बुरशीला मातीवर छत्री फुटते. तीच आपली अळंबी. धिंगरीसारखी तिची शेती अजून साधलेली नाही.

छत्री उघडली की तिच्यातून सूक्ष्म बीजाणू सुटतात. नवे वारूळ उभारणाऱ्या बहुतेक वाळव्यांना मळ्याचे बियाणे त्यांतूनच मिळते. आपल्याला मात्र मिटलेल्या कळ्याच हव्या असतात! सगळ्या कळ्या खुडल्या तर बियाणे उरत नाही, आणि वारूळ खणले तर मळाच मोडतो.

मग आपण काय करावे?

१. बोरिवली-मुलुंडच्या मधल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेल्यावर अळंबी पाहावी, काढू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तेथून वनोपज नेण्यास मनाई आहे. शिवाय विषारी जाती ओळखणे कठीण असते.

२. गावी अळंबी काढताना काही छत्र्या उमलू द्याव्यात. वारूळ खणू नये.

३. एरवी शेतात पिकवलेली धिंगरी घ्यावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या पत्रात (परिच्छेद ३४) निसर्गाचे चक्र नीट चालायला बुरशी, किडे व जंतूही लागतात, याची आठवण दिली आहे. आणि शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा लेवीयच्या पुस्तकात (१९:९-१०) आहेच. तसेच थोडे मातीसाठीही राखू या.

चिंतनासाठी: आपल्या ताटातील कोणता पदार्थ आपल्या नातवंडांनाही मिळावा, म्हणून आपण आज काय मागे ठेवतो?