गणितात रमणाऱ्या मुलांसाठी : विमागणिती

शंभर जणांचा प्रत्येकी 1,00,000 रुपयांचा ऊस उभा आहे आणि वर्षाला सरासरी दोघांचा फड जळतो, असे धरू. मग प्रत्येकाने 2,000 भरले की भागले? नाही. एखाद्या साली पाच फड जातात. ते वाईट साल आणि कचेरीचा खर्च धरून हप्ता बसवणारा तो विमागणिती, म्हणजे अ‍ॅक्च्युअरी. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर अर्थशास्त्रज्ञ, पण शेताशेतावर पंचनामा करण्यापेक्षा भागाच्या सरासरी उताऱ्यावर पीकविमा द्यावा, हे त्यांनी 1976 साली मांडले ते असल्याच हिशेबातून. 1979 पासून तसा प्रयोगही झाला.

पालक आम्हाला विचारतात, आधी पदवी लागते का? नाही. बारावीनंतर ‘एसेट’ ही प्रवेश परीक्षा देता येते. गणित, संख्याशास्त्र, तर्क आणि इंग्रजी. आपली पोरं अडतात ती इंग्रजीला. पनवेलला रयतच्या महात्मा फुले महाविद्यालयात बी.एस्सी. करणारा मुलगा किंवा मुलगी पहिल्याच वर्षी बसू शकते. परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया 2006 च्या कायद्याखालची. कचेरी सीवूड्सला, पनवेल लोकलच्या वाटेवरच.

पुढचे पेपर मात्र वर्षानुवर्षे चालतात, आणि प्रत्येकाची फी निराळी. ऊसबिलावर घर चालत असेल तर वर्षाला एक-दोनच धरावेत. काही पेपर सुटले की विमा कंपनीत उमेदवारी मिळू शकते, मग फी पगारातून जाते. तोवर पदवी सोडू देऊ नका.