फाटकावर कॅमेरा होता, तरी



मागच्या पावसाळ्यात एका रात्री पाचवीतला एक मुलगा अकोले तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहातून निघून गेला. घरची आठवण आली, एवढेच कारण. पहाटे तो आपल्या पाड्यावर सुखरूप पोहोचला, पण निरोप येईपर्यंत आम्ही वेळ कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. तो किती वाजता, कोणत्या दिशेला गेला हे पाहायला डीव्हीआर उघडला, तर शेवटचे चित्रण तीन आठवड्यांपूर्वीचे! हार्ड डिस्क बंद पडली होती. पडद्यावर मात्र चारही चित्रे चालू दिसत, म्हणून कोणाला शंका आली नाही.

बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांत कॅमेरे सक्तीचे झाले. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासावे, असेही त्यात आहे. हे दुसरे कलम आपण सगळेच विसरतो.

ज्या मंडळ्या कॅमेरे भेट देऊ इच्छितात, त्यांना माझी विनंती आहे की पैसा डिस्कवर घाला. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट नोंदवत असेल, तर दिवसाला सुमारे २१ जीबी होतात, चार कॅमेऱ्यांचे ८६. एक टीबीची डिस्क अकरा दिवसांत भरते आणि जुने पुसले जाऊ लागते. शिवाय अखंड नोंदीसाठी वेगळी डिस्क मिळते. आम्ही काटकसर म्हणून संगणकाची साधी बसवली होती.

फाटक, व्हरांडा, कोठीचे दार, जिना, एवढ्या जागा पुरेत. झोपण्याच्या खोल्या आणि न्हाणीघराच्या वाटेवर कॅमेरा नकोच, कोणी कितीही आग्रह केला तरी.

भंडारदऱ्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वायरचे जोड बंद डबीत ठेवा आणि डबीत शिरण्याआधी वायरला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी. त्या जाळ्याने सगळे चित्र पांढरे होते. बांबूला झाडू बांधून जाळी काढायला आता तोच मुलगा पुढे असतो.

वीज गेली तर डीव्हीआरबरोबर कॅमेरेही यूपीएसवर हवेत.

दर शनिवारी पहारेकरी काका आदल्या रात्रीचे दोन वाजताचे चित्रण लावून पाहतात आणि वहीत लिहितात. गेल्या महिन्यात नोंद होती, ‘चित्र आहे, तारीख चुकली.’ डीव्हीआरमधला घड्याळाचा सेल संपला होता. त्याच दिवशी बदलला.