गणिताची उजळणी आणि चुकांची वही

दहावीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आम्ही कला शाखेचे पदवीधर. शाळेत असताना गणिताशी आमचे कधी सख्य नव्हते. पुढे बँकेत कारकुनी पत्करली आणि आकडे जन्माचे मागे लागले. संध्याकाळी मुलांना घेऊन बसताना जे दिसते ते येथे मांडतो.

मागे आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने गणिताच्या तीन वह्या भरल्या होत्या. अक्षर मोत्यासारखे. पूर्वपरीक्षेत मात्र बीजगणितात 40 पैकी 11 गुण! घरात 'शाळा पुरे' अशी भाषा सुरू झाली. आम्ही तिला वहीतलेच एक उदाहरण गाईड मिटून सोडवायला दिले, तर दुसऱ्याच पायरीला पेन थांबले. तीन वह्या भरल्या त्या नकलून. याला उजळणी म्हणत नाहीत.

हिशेब जुळत नसेल तर आधी फरक किती ते पाहा, असे बँकेतील जुन्या सहकाऱ्यांनी आम्हांस शिकवले. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कोणी तरी 54 चे 45 लिहिलेले असते. गणितातही तसेच आहे. 7, 13, 19... या श्रेढीचे विसावे पद तिने 127 काढले. खरे उत्तर 121. फरक 6, म्हणजे नेमका श्रेढीचा सामान्य फरक! 19 ऐवजी 20 वेळा तो मिळवला होता.

म्हणून एक चुकांची वही घाला. चुकलेले उदाहरण, तारीख आणि चूक कसली, ते एका ओळीत लिहा: चिन्ह, सूत्र, गुणाकार की प्रश्नच नीट वाचला नाही? तेच उदाहरण तिसऱ्या दिवशी आणि पुन्हा दहाव्या दिवशी पुस्तक मिटून सोडवा. दोन्ही वेळा बरोबर आले तरच त्यावर काट मारा.

राज्य मंडळाच्या बीजगणित व भूमितीच्या पेपरांना प्रत्येकी 40 गुण आणि दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. एक दिवस बीजगणित, एक दिवस भूमिती. रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर. भूमितीची आकृती प्रत्येक वेळी स्वतः काढा, छापील आकृतीकडे बघून प्रमेय पाठ होते, येत नाही. पालकांनी एवढेच करावे, ते दोन तास टीव्ही बंद ठेवावा.

त्या मुलीच्या वहीत शेवटी 43 चुका जमल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक चिन्हांच्या. मार्चमध्ये ती गणितात उत्तीर्ण झाली व अकरावीला गेली. यंदा तिचा धाकटा भाऊ ती वही मागायला आला होता. आम्ही त्याला कोरी दिली.